गाढ झोपेची धास्ती

बाळ जन्मतं तेव्हा बहुधा तिथे काहीच नसतं. डॉक्टरांनी, नर्सबाईंनी आणि मग दोन्ही आज्यांनी बाळ टाळूपासून टाचेपर्यंत न्याहाळलेलं असतं. कुठे तीळ आहे, कुठे लासं आहे, याची तोंडी नोंद झालेली असते. बारशाच्या सुमाराला आंघोळ घालणाऱ्या मावशींना कानामागे किंवा पापणीवर नखाने ओरखडल्यासारखं काहीतरी दिसतं. फिकट पांढुरका ठिपका आणि त्यात केसासारख्या दोन-चार लाल शिरा. ‘डास चावला असेल’ म्हणून विषय संपतो. दीड महिन्याची लस टोचायला नेईपर्यंत त्याच जागी लालभडक, फुगीर, रवाळ गाठ आलेली असते. डिसेंबरात मंडईत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी येते ना, तिचा तुकडा कुणी कातडीवर चिकटवून दिल्यासारखी.

हिचं नाव इन्फंटाइल हिमँजिओमा. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी भराभर वाढून झालेली सौम्य गाठ. कॅन्सर नव्हे, आणि पुढे होतही नाही. शंभरातल्या चार-पाच बाळांना ती असते. मुलींना जास्त, दिवस न भरलेल्या, कमी वजनाच्या आणि जुळ्या बाळांना जास्त. आईने ग्रहणात भाजी चिरली म्हणून ती होत नाही. हे वाक्य एकविसाव्या शतकात पुण्यात लिहावं लागतं याचं वाईट वाटतं. पण बाळंतिणीला पहिल्यांदा ऐकवलं जातं ते हेच, त्यामुळे ते लिहिलेलं बरं.

या गाठीचं एक ठरलेलं वेळापत्रक असतं. सगळ्यात जोरात ती वाढते पाचव्या ते सातव्या आठवड्यात. तीन महिन्यांपर्यंत बहुतेकींचा सुमारे 80 टक्के आकार येऊन गेलेला असतो. वर्षाच्या आसपास ती मावळायला लागते आणि चार वर्षांपर्यंत बहुतेकांची जेवढी मावळायची तेवढी मावळते. मागे काहींना सैलसर कातडी किंवा बारीक शिरांची जाळी राहते. म्हणजे ज्या आठवड्यांत ‘बघू या, आपोआप जाईल’ असं घरात चाललेलं असतं, नेमके तेच आठवडे तिच्या वाढीचे. म्हणूनच चेहरा, पापणी, ओठ, मान, लंगोटाची जागा यांपैकी कुठे असा डाग दिसला तर दीड महिन्याच्या लशीची वाट पाहू नये. महिन्याचं बाळ असतानाच दाखवावं.

आता झोपेकडे वळतो. आईबाप डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारतात, डाग जाईल का. औषध सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी दुसरा येतो: बाळ रात्री झोपत का नाही? तिसरा प्रश्न बहुतेक कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात आधी विचारायला हवा तो हाच: बाळ जास्त तर झोपत नाही ना?

आधी निव्वळ गाठीमुळे होणारी झोपमोड. बहुतेक हिमँजिओमा दुखत नाहीत. बाळ त्यावर कूस करून खुशाल झोपतं. दुखतं ते गाठ फुटून तिथे व्रण पडला तर. ओठ, मान, काख आणि लंगोटाखालची जागा, म्हणजे जिथे घासतं आणि ओलं राहतं तिथे हे जास्त होतं. व्रण पडण्याआधी एक खूण दिसते: तीन महिन्यांच्या आतल्या बाळाची लालबुंद गाठ मध्येच पांढुरकी, राखाडी पडते. वर्षाच्या बाळाची गाठ राखाडी झाली तर ती ओसरते आहे. दोन महिन्यांच्या बाळाची झाली तर कातडी तुटायच्या बेतात आहे. रंग तोच, अर्थ उलटा. ‘बघा, फिकी पडायला लागली’ म्हणून घरात पेढे वाटायच्या गोष्टी चालतात आणि तिसऱ्या रात्री बाळ शी-शू झाली की किंचाळून उठायला लागतं.

त्या रडण्याला अंगाई उपयोगाची नाही आणि ग्राइप वॉटरही. तिथे कापड चिकटलेलं असतं. प्रत्येक वेळी लंगोट बदलताना नवी खपली निघते आणि लघवी लागली की आग होते. कोमट पाण्याने ओलं करून कापड सोडवायचं, ओढायचं नाही. वर पेट्रोलियम जेलीचा जाड थर. डॉक्टरांनी दिली असेल तर न चिकटणारी जाळीची पट्टी. आणि रात्रीची पट्टी बदलण्याआधी, वजनानुसार लिहून दिलेलं असेल तर, पॅरासिटामॉल. हळद, चुना, राख यांतलं काहीही नको. रक्त आलं तर स्वच्छ कापड ठेवून सलग दहा मिनिटं घड्याळ लावून दाबून धरायचं. दर मिनिटाला उचलून बघायचं नाही. थांबलं का ते बघण्याच्या उत्सुकतेपायीच ते थांबत नाही.

दुसरं कारण घशातलं. खालचा ओठ, हनुवटी, जबडा, गळा, म्हणजे मोठ्या माणसाला दाढी येते त्या भागात गाठ पसरलेली असेल, तर तशीच एखादी आत, स्वरयंत्राच्या खाली श्वासनलिकेत असू शकते. ही बाळं झोपेत आवाज करतात. नाक चोंदल्यावर होतो तो घुर्रर्र आवाज नव्हे. श्वास आत घेताना करकर, चरचर असा, आणि रडल्यावर वाढणारा. चार ते बारा आठवड्यांच्या काळात तो वाढत जातो. याला बऱ्याचदा क्रूप, म्हणजे संसर्गाने स्वरयंत्राजवळ सूज येऊन श्वासाचा आवाज येणारा आजार, समजतात, त्यासाठी स्टेरॉइड देतात आणि दोन-चार दिवस बाळाला खरंच बरं वाटतं, कारण स्टेरॉइडने हिमँजिओमाही थोडा आकसतो. औषध थांबलं की आवाज परत. त्यामुळे दोन महिन्यांच्या बाळाला ‘पुन्हा पुन्हा क्रूप’ होत असेल आणि हनुवटीवर लाल डाग असेल, तर त्या दोन गोष्टी एकाच कागदावर लिहून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्याव्यात. झोपेतल्या आवाजाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मोबाइलवर घ्यावा. ओपीडीत बाळ हमखास शांत असतं.

तिसरं कारण वरून दिसत नाही. अंगावर पाच किंवा अधिक छोटे डाग असतील तर पोटाची सोनोग्राफी करतात, कारण यकृतातही गाठी असू शकतात. यकृतातल्या गाठी फार असतील तर त्या थायरॉइडचं संप्रेरक मोडून टाकणारं एक एन्झाइम तयार करतात. बाळाची थायरॉइड ग्रंथी ठीक असते, संप्रेरक तयारही होतं, पण वाटेतच संपतं. असं बाळ कसं असतं? शांत. फार शांत. दूध प्यायला उठवावं लागतं, रडणं कमी, झोप भरपूर. ‘किती गुणी बाळ आहे हो!’ हे कौतुक इथेच पहिल्यांदा ऐकू येतं.

आपल्याकडे झोपणारं बाळ हे गुणी बाळ. झोपेत हसलं तर सटवाई हसवते म्हणायचं, दचकलं तर दृष्ट काढायची. पण नुसतंच झोपून राहिलं तर कुणाच्या काळजात धस्स होत नाही. उलट सगळे पाय न वाजवता चालतात. गणपतीत लक्ष्मी रोडवर ढोल-ताशा चाललाय आणि माडीवर बाळ ढाराढूर, याचं कोण अप्रूप! बहुतेक बाळांच्या बाबतीत ते खरंही असतं; तान्ही बाळं आवाजात झोपतातच. पण हिमँजिओमावरचं औषध चालू असलेल्या बाळाच्या झोपेचं मोजमाप वेगळं. आवाजाने उठतं का, याला तिथे महत्त्व नाही. दुधाच्या वेळेला उठतं का, हे बघायचं.

त्या औषधाचं नाव प्रोप्रॅनोलॉल. मूळ औषध हृदयाचं. जेम्स ब्लॅक यांनी 1960च्या दशकात ते शोधलं आणि 1988 साली त्यांना नोबेल मिळालं. हिमँजिओमाशी त्याची गाठ पडली ती फ्रान्समधल्या बोर्डो शहरात. नाकावर मोठी गाठ असलेल्या एका बाळाला स्टेरॉइड चालू होतं. त्याने बाळाच्या हृदयाचे स्नायू जाड झाले, म्हणून प्रोप्रॅनोलॉल दिलं, आणि दुसऱ्याच दिवशी गाठीचा भडक लाल रंग जांभळट होऊन ती मऊ पडली. क्रिस्टीन लेओते-लाब्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे 2008 साली छापलं. 2015 साली त्यांच्याच पुढाकाराने झालेली मोठी चाचणी आली: किलोमागे रोज 3 मिलिग्रॅम, सहा महिने. औषध मिळालेल्यांपैकी 60 टक्के बाळांची गाठ पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेली. नुसतं चवीचं पाणी मिळालेल्यांपैकी 4 टक्के. हा फरक पाहिला की डाग जाईल का या प्रश्नाचं उत्तर देताना डॉक्टरांचा आवाज का बदलला ते कळतं. 2008 आधी ते उत्तर ‘वाट पाहा’ किंवा महिनोन्‌महिने स्टेरॉइड असं असायचं.

औषध मात्र प्रत्येक डागाला नाही. पाठीवर रुपयाएवढा डाग असेल, त्रास देत नसेल तर नुसतं लक्ष ठेवतात. छोट्या, चपट्या डागावर टिमोलॉलचे डोळ्यांत घालायचे थेंब, 0.5 टक्क्याचे, सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब बाहेरून लावायला देतात. डोळा झाकला जात असेल, श्वास अडत असेल, व्रण पडला असेल, चेहरा कायमचा बिघडायची भीती असेल, तेव्हा पोटातून औषध. त्याआधी नाडी, रक्तदाब, हृदयाची तपासणी, काहींचा ईसीजी. चेहऱ्यावर पाच सेंटिमीटरहून मोठा पट्टा असेल तर मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा एमआरआय आणि हृदयाचा इको आधी, कारण अशा काही बाळांच्या मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या अरुंद असतात. सुरुवात किलोमागे रोज 1 मिलिग्रॅमने, दोन डोसांत विभागून. मग पायरीपायरीने 2 ते 3. पहिल्या डोसानंतर आणि प्रत्येक वाढीनंतर दोन तास नाडी आणि रक्तदाब बघतात.

कागदावर हे सोपं दिसतं. आता स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी या.

बाळांसाठीचं तयार द्रव औषध जगात आहे, पण इथे अनेक घरांत येते ती मोठ्यांची गोळी. समजा बाळ 5 किलोचं आहे आणि डॉक्टरांनी किलोमागे रोज 2 मिलिग्रॅम लिहिलं आहे. म्हणजे दिवसाला 10, एका वेळी 5 मिलिग्रॅम. 10 मिलिग्रॅमची गोळी, 10 मिलिलिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यातलं 5 मिलिलिटर बाळाला आणि उरलेलं ओतून द्यायचं. गणित चौथीतलं. चुका मात्र मोठ्यांच्या. पहिली चूक दुकानातली: 10, 20 आणि 40 मिलिग्रॅमच्या पट्ट्या सारख्याच दिसतात. 40ची पट्टी आली आणि कृती तीच राहिली, तर डोस चौपट. दुसरी, नावापुढे ‘एलए’ किंवा ‘एसआर’ असलेली कॅप्सूल. ती दिवसभर हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते, फोडून द्यायचीच नाही. तिसरी, गाळाची. गोळीतला भुगा तळाशी बसतो; वरचं निवळ काढलं की आजचा डोस एक आणि उद्या ढवळून काढला की दुसरा. गोळी पूर्ण विरघळेपर्यंत थांबायचं, ढवळायचं आणि ढवळता ढवळताच सिरिंज भरायची. चौथी, सिरिंजची: बिनसुईची 5 मिलिलिटरची घ्यावी, घरात आजोबांची इन्शुलिनची पडलेली असते, तिच्यावर युनिटच्या खुणा असतात, मिलिलिटरच्या नव्हेत. पाचवी, बोंडल्याची. बोंडल्यातून दूध पाजायला ठीक, औषध नको. निम्मं हनुवटीवरून झबल्यात जातं आणि मग ‘थोडं अजून देऊ या का’ हा घातक प्रश्न उभा राहतो. द्यायचं नाही. सांडलं, ओकलं, विसरलं, तर पुढच्या वेळेलाच पुढचा डोस.

किती मिलिग्रॅमची गोळी, किती पाणी, किती मिलिलिटर हे तिन्ही आकडे डॉक्टरांकडूनच कागदावर लिहून घ्यावेत आणि तो कागद ओट्यावरच्या फरशीला चिकटवावा. वरचं 5 किलोचं उदाहरण तुमच्या बाळाचं नाही. शिवाय बाळ वाढतं. महिन्यात पाऊण किलो वाढलेल्या बाळाला जुनाच डोस चालू राहिला तर तो आपोआप कमी पडतो, म्हणून दर भेटीत वजन आणि डोस नव्याने.

झोप बिघडते ती यानंतर. प्रोप्रॅनोलॉल चरबीत सहज विरघळतं, त्यामुळे रक्तातून मेंदूत शिरायला त्याला अडचण पडत नाही. मेंदूत मधोमध पिनिअल नावाची वाटाण्याहूनही लहान ग्रंथी आहे. अंधार पडला की मज्जातंतूंकडून तिला निरोप येतो आणि ती मेलाटोनिन सोडायला लागते. रात्र झाली, हे शरीराला कळतं ते त्यातून. हा निरोप पेशीच्या ज्या दारातून आत जातो ते दार बीटा रिसेप्टरचं, आणि प्रोप्रॅनोलॉलचं कामच बीटा रिसेप्टर बंद करणं. म्हणजे गाठीचं दार बंद करायला गेलो आणि रात्रीचंही दार लागलं. त्यातून काही बाळं तासातासाने उठतात, काही झोपेतच किंचाळतात, डोळे उघडे पण ओळख नाही अशी पाच मिनिटं रडतात आणि पुन्हा झोपतात. दिवसा मात्र पेंगतात.

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळं पाप औषधाच्या माथी मारणं सोपं आहे. औषध सुरू होतं साधारण दीड-दोन महिन्यांना. चौथ्या महिन्याच्या आसपास कुठल्याही निरोगी बाळाच्या झोपेची घडण बदलते आणि रात्री दोनदा उठणारं बाळ पाचदा उठायला लागतं. दात, सर्दी, आई कामावर रुजू होणं, सासरहून माहेरी आणि माहेराहून सासरी, हे सगळं त्याच महिन्यांत. म्हणून औषध सुरू करण्याआधीच आठवडाभर एका साध्या वहीत चार रकाने भरावेत: शेवटचं दूध कधी, झोपलं कधी, किती वेळा उठलं, उठल्यावर कशाने शांत झालं. औषध सुरू झालं की पाचवा रकाना, डोसची वेळ. आधीची पानं नसतील तर नंतरच्या पानांवरून डॉक्टरांना काही सांगता येत नाही.

वही भरली की पहिला उपाय तिच्यातच सापडतो. पुण्यातल्या घरात औषधाची वेळ मोठ्यांच्या सोयीने ठरते: सकाळी कामावर निघताना आणि रात्री सगळी जेवणं आटोपल्यावर, म्हणजे आठ आणि साडेआठ किंवा नऊ. रात्री नऊला दिलेल्या डोसाचा जोर दहा-अकराच्या सुमाराला, नेमका मेलाटोनिन वाढायच्या वेळी. दोन डोसांमध्ये किमान नऊ तास हवेत, बारा हवेतच असं नाही. म्हणजे सकाळी आठ आणि संध्याकाळी पाच. हा चार तासांचा बदल डॉक्टरांना विचारून करून पाहावा. कितीतरी घरांत रात्रीची परिस्थिती एवढ्यानेच सुसह्य होते, आणि त्याला पैसा लागत नाही. लागतं ते पाच वाजता दूध पाजून डोस देणारं माणूस. ते पाळणाघर असेल तर तिथल्या ताईंनाही तोच कागद.

वेळ बदलूनही जमत नसेल तर डॉक्टर डोस थोडा उतरवतात, किंवा अ‍ॅटेनोलॉलवर आणतात. हेही त्याच घराण्यातलं, पण पाण्यात विरघळणारं, मेंदूत कमी शिरणारं. 2021 साली आलेल्या चीनमधल्या चाचणीत ते गाठीवर प्रोप्रॅनोलॉलच्या तोडीस तोड उतरलं. मेलाटोनिनचे थेंब मात्र ऑनलाइन मागवून देऊ नयेत.

आणि जायफळ. बाळगुटीच्या सहाणेवर मुरडशेंग, वेखंड, हळकुंड आणि झोपेसाठी जायफळाचे दोन वळसे हे आपल्या हातात इतकं बसलेलं आहे की ते औषध आहे हेच कुणाला वाटत नाही. बाळ रात्री उठतंय म्हटल्यावर दोनाचे चार वळसे होतात, चाटवायला मध असतो. मध वर्षाच्या आत द्यायचाच नाही, हे वेगळं. पण जायफळाचा मुद्दा नीट समजावून सांगावा लागतो, आजीला न दुखवता: जायफळाने आलेली गुंगी आणि या औषधाने रक्तातली साखर उतरल्याने आलेली गुंगी यांत पाळण्याबाहेरून फरक कळत नाही. ‘आमची चार लेकरं याच गुटीवर वाढली’ हे खरं असेल, पण त्यांच्यातल्या कुणाला प्रोप्रॅनोलॉल चालू नव्हतं.

साखर उतरणं ही या औषधाची खरी भीती. उपाशी राहिलं की शरीर यकृतातला साठा फोडून रक्तात साखर सोडतं. त्यासाठी लागणारा इशारा बीटा रिसेप्टरमधूनच जातो आणि तो इथे बंद असतो. तान्ह्या बाळाचा साठा मुळात इवलासा. शिवाय साखर उतरली की जी धडधड, जी थरथर दिसायला हवी, तीही औषध दाबून टाकतं. घाम तेवढा येतो. म्हणजे धोक्याची घंटा वाजते, पण तिच्यावर गोधडी टाकलेली असते.

म्हणून दोन गोष्टी ठरलेल्या. डोस दूध पाजताना किंवा पाजल्यावर लगेच, रिकाम्या पोटी कधीच नाही. आणि रात्री दोन दुधांमधलं अंतर: सहा आठवड्यांच्या आतलं बाळ असेल तर चार तासांपेक्षा जास्त नाही, चार महिन्यांपर्यंत पाच तास, त्यानंतर सहा ते आठ. गजर लावायचा. दहाला पाजलेलं तीन महिन्यांचं बाळ तीनला उठलं नाही तर उठवायचं. दुपटं सोडा, तळवे चोळा, गाल ओल्या फडक्याने पुसा. बरं बाळ कुरकुरतं, तोंड वाकडं करतं आणि दोन-तीन मिनिटांत चोखायला लागतं. अंग थंड आणि घामट, मान सैल, डोळे फिरलेले, चोखत नाही, असं असेल तर ती झोप नव्हे. गिळत असेल तर दूध किंवा गालाच्या आत थोडी साखर चोळून, आणि गिळत नसेल तर तोंडात काहीही न ओतता, लगेच हॉस्पिटल. गाडी नसेल तर 108.

जे बाळ नीट दूध पीत नाही त्याला त्या वेळचा डोस नाही. उलट्या-जुलाब, लशीनंतरचा ताप, ऑपरेशनआधीचं उपाशी ठेवणं, या सगळ्याला हाच नियम. औषध चुकलं म्हणून गाठ एका दिवसात वाढत नाही.

पुण्याच्या हिवाळ्यात आणि पावसाळ्यात आणखी एक प्रसंग येतो. बाळाला सर्दी होते, छाती वाजायला लागते, रात्रभर झोप नाही. जवळच्या दवाखान्यात नेब्युलायझर लावतात. त्यातलं साल्ब्युटामॉल श्वासनलिका उघडतं ते बीटा रिसेप्टर चालू करून. प्रोप्रॅनोलॉलने तेच बंद केलेले असतात. दोन औषधं एकमेकांशी भांडतात आणि दम वाढतो. बाळाला कुठलं औषध चालू आहे हे नेब्युलायझरच्या आधी सांगावं, नंतर नाही. आणि छाती वाजते आहे तोवर प्रोप्रॅनोलॉल थांबवायचं का, हे ज्यांनी सुरू केलं त्यांना फोन करून विचारावं. आंघोळीनंतरची ओवा-वावडिंगाची धुरी या दिवसांत तरी बंद. उबेसाठी कानटोपी आणि मोजे पुरेत, आणि ते लागतातही, कारण या औषधाने हातपाय गार पडतात. गार हातपाय आणि गार पोट यांत मात्र फरक आहे. तळहात गार असून पोट-पाठ कोमट असेल तर ठीक. पोटही गार लागलं तर आधी वहीतला दुधाचा रकाना बघायचा.

मेंदूवर कायमचा परिणाम होईल का, हा प्रश्न साहजिक आहे. ही मुलं मोठी झाल्यावर केलेले आजवरचे अभ्यास दिलासा देणारे आहेत, आणि झोपेचा त्रास औषधासोबत येतो तसा औषधासोबत जातो.

औषध साधारण सहा महिने किंवा बाळ वर्षाचं होईपर्यंत चालतं. खोल गाठींना त्याहून जास्त. बाळ नऊ महिन्यांचं होण्याआधी घाईने सोडलं तर काही गाठी पुन्हा उसळतात, म्हणून बरेच डॉक्टर दोन-तीन आठवड्यांत हळूहळू उतरवतात. तोवर डाग जांभळ्याचा राखाडी, राखाडीचा कातडीच्या रंगाचा होत आलेला असतो. बोट दाबलं तर हवा गेलेल्या फुग्यासारखा मऊ लागतो. वहीतला शेवटच्या दुधाचा रकाना शेवटचा डोस देऊन पूर्ण दिवस उलटेपर्यंत भरत राहावा, रात्रीचा गजरही तोवर चालू ठेवावा. वर्षाचं बाळ एव्हाना मऊभात खातंय, भिंतीला धरून उभं राहतंय. त्यानंतरच्या रात्री गजर बंद. आठ तास झोपलं, तर झोपू द्यावं.